खिपाच्या फोल्डरातला फोग

मंगळवारी साडेअकराला सगळे चहाला खाली गेले, तेव्हा डॉ. शरयू दाबके यांनी ४१७७ क्रमांकाची शीट तिच्या फोल्डरातून काढली, सात कपाटं ओलांडून गेल्या आणि ती खिपाच्या फोल्डरात मधोमध सरकवून दिली. फितीची गाठ पूर्वीसारखीच बांधली. मग जिना उतरून त्याही चहाला गेल्या. बिस्किटं संपली होती.

शीट म्हणजे जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्याने टाचलेली, दाबून वाळवलेली वनस्पतीची फांदी. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल असतं: नाव, ठिकाण, माती, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. पुण्यातल्या या संस्थेत अशा दोन लाख पंच्याण्णव हजार शीट्स होत्या. ४१७७वर फोग होता, थरच्या वाळवंटात वाळूच्या टेकड्यांवर वाढणारं, पानं जवळपास नसलेलं झुडूप. खीपही वाळवंटातलाच, तोही बिनपानांचा, हिरव्या काड्यांचा. वाळल्यावर दोन्ही सारखेच करडे दिसतात. कोणी पाहिलं असतंच तर म्हणालं असतं, बाईंचं वय झालं, चुकून ठेवली असेल. सत्तरीच्या माणसाला एवढी सवलत मिळते.

शरयूबाईंच्या गुरूंनी त्यांना पहिल्याच वर्षी बजावलं होतं की चोरीला गेलेली शीट एखादे वेळी परत येते, चुकीच्या फोल्डरात गेलेली येत नाही. चाळीस वर्षं त्या विद्यार्थ्यांना हेच सांगत आल्या होत्या.

हे करायची वेळ आली ती एका यंत्रामुळे. कागदोपत्री त्याचं नाव मूळस्थान-वाचक असं होतं, पण संस्थेतली मंडळी त्याला पंचनामा म्हणत. त्यामागचं तत्त्व जुनंच होतं. मातीत स्ट्रॉन्शियम नावाचा धातू अगदी थोड्या प्रमाणात असतो. झाडाची मुळं त्याला कॅल्शियम समजून शोषून घेतात. या धातूचे हलके आणि जड असे प्रकार असतात, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खालच्या खडकावर ठरतं. मुळातून खोडात, खोडातून फांदीत जाताना ते प्रमाण बदलत नाही. म्हणजे झाड जिथे उभं होतं त्या जमिनीची सही त्याच्या लाकडात राहते, फांदी वाळून पन्नास वर्षं झाली तरी.

नवं होतं ते एवढंच, की आता ती सही वाचायला फांदी जाळून राख करावी लागत नव्हती. केसाहून बारीक लेसर सालीखालच्या लाकडाचा एक ठिपका वाफ करून उचलायचा. जुन्या शीट्सना किडीपासून वाचवायला पाऱ्याचं विषारी द्रावण लावलेलं असे, म्हणून वरची साल वगळायची. स्ट्रॉन्शियमबरोबर शिसं आणि निओडिमियम तपासायचं आणि तिन्हींची साक्ष देशाच्या माती-नकाशाशी जुळवायची. अकरा मिनिटांत नकाशावर एक वर्तुळ उमटे. चूक झालीच तर दोन किलोमीटरची.

दोन हजार एकेचाळीसपासून सगळ्या संग्रहांतल्या शीट्स या यंत्राखालून जाऊ लागल्या आणि वनस्पतिशास्त्राच्या घरात बरीच पांघरुणं उडाली. हिमालयातून आणलेली म्हणून मिरवलेली फुलं कुठल्यातरी बागेतली निघाली. सात जिल्ह्यांत मिळालेली वनस्पती एकाच झुडपाच्या सात फांद्या निघाली. दोन ठिकाणी लोकांनी शीट्स दडवल्या, तेव्हापासून नियम कडक झाला. शीट सापडली नाही, तर ज्याच्या नावावर ती शेवटची दिली गेली त्याने लेखी खुलासा द्यायचा.

या शेवटच्या नियमाचा विचार शरयूबाईंनी त्या मंगळवारी केला नव्हता.

*

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. सहा दिवस जीपने फिरूनही फुललेला फोग मिळाला नव्हता. लोकांनी तो कोळशासाठी मुळासकट खणून नेला होता. सातव्या दिवशी रूपासर नावाच्या वस्तीवर सुगनी नावाची एक मेंढपाळ बाई म्हणाली, ओरणात आहे, दाखवते.

ओरण म्हणजे तिकडची देवराई. पण देवराईसारखी गर्द नव्हे. वाळूच्या टेकड्या, शमीची दहा-वीस झाडं, एक दगडी ओटा आणि त्यावर शेंदूर. तिथे गुरं चरलेली चालतात. माणसाने मात्र काडीसुद्धा तोडायची नाही, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. सुगनीने हे आधीच सांगून टाकलं आणि वर विचारलं, "बघून पोट भरेल ना?" शरयूबाईंनी मान डोलावली.

टेकडीच्या पाठीमागे फोगच फोग होता, गुलाबी कळ्यांनी लगडलेला. सुगनी त्याच्या कळ्या ताकात घालून काय करतात ते सांगत होती. या कळ्या मात्र ओरणाबाहेरच्या झुडपांच्या घ्यायच्या, हेही तिने सांगितलं. मग मेंढ्या ओट्यावर चढायला लागल्या म्हणून ती त्यांना हाकायला धावली. शरयूबाईंनी पिशवीतली छाटणीची कात्री काढली. नमुन्याशिवाय केलेली नोंद ही ऐकीव गोष्ट असते, असं त्यांना शिकवलं होतं. दीड फुटाची फांदी. एकच. ती वर्तमानपत्रात घडी घालून पिशवीत गेली तेव्हा सुगनीची पाठ वळलेलीच होती.

संध्याकाळी अठरा किलोमीटर पुढे, खारोड्याच्या मिठागराजवळ, चहासाठी जीप थांबली. तिथे त्यांनी वही भरली. ठिकाणाच्या रकान्यात रूपासर ओरण लिहिलं तर कधी ना कधी तिकडे कळणार, असं वाटलं. म्हणून त्यांनी बसल्या जागेचं नाव लिहिलं, खारोडा. पुढचा रकाना मातीचा होता. खारोड्याची माती खारी होती, म्हणून खारी लिहिली. पुण्याला जाऊन सरांना समजावून सांगू आणि दुरुस्त करू, असं मनाशी ठरवलं.

पुण्यात सरांनी लेबल वाचलं आणि खुर्चीतून उठले. फोग गोड वाळूत वाढतो, खाऱ्या मातीत तग धरत नाही, हे सगळ्या पुस्तकांत होतं. त्यांनी शेजारच्या खोलीतून चौघांना बोलावून आणलं. त्या चौघांसमोर शरयूबाई गप्प राहिल्या. पुढच्या वर्षी शरयूबाईंच्या नावाने निबंध छापून आला. दुरुस्ती करायची राहून गेली.

*

शीट नाही हे नऊ दिवसांनी कळलं. सगळ्यांनी फोगाचे फोल्डर तीनदा उपसले. शरयूबाईही उपसायला बसल्या. मग नोंदवही काढली. ४१७७ शेवटची दिली गेली होती दोन हजार सव्वीस साली, नंदन खोत यांना. परत केल्याची सही नव्हती.

नंदन खोत शरयूबाईंचा विद्यार्थी. आता चव्वेचाळीस वर्षांचा, संग्रहाचा प्रमुख, पंचनाम्याचं काम त्याच्याच हाताखाली. त्याचा प्रबंध या एका शीटवर उभा होता. खाऱ्या मातीत तगणारा फोग जर एकदा होता, तर तो अजून कुठेतरी असेल, त्याचं बी मिळालं तर मिठाने मेलेल्या जमिनी पुन्हा हिरव्या होतील, असा त्याचा ध्यास होता. दर मार्चमध्ये तो खारोड्याला जाई. असे एकोणीस मार्च झाले. झुडूप मिळालं नाही, तेव्हा त्याने साध्या फोगाचं बी खाऱ्या वाफ्यांत लावून तगतील ती रोपं निवडायला सुरुवात केली. हजारातली दोन तगायची, तीही दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत. त्याची मुलगी ओवी शरयूबाईंना शरयूआजी म्हणे आणि वडिलांच्या वाळवंटाच्या वारीवर हसे.

शनिवारी तो त्यांच्या घरी आला. संचालकांनी खुलासा मागितला होता आणि तो देईपर्यंत यंत्राचं काम दुसऱ्याकडे दिलं होतं. तो बराच वेळ हातातला कप फिरवत राहिला.

"मॅडम, तुम्हाला आठवतं का? मी ती परत दिली होती. तुमच्याच हातात दिली होती."

"आठवतं," शरयूबाई म्हणाल्या. "दिली होतीस."

"मग लिहून द्याल?"

"देते."

त्यांनी तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. नंदनने कागद घडी करून खिशात ठेवला आणि निघताना वाकून त्यांच्या पायाला हात लावला, जे तो कधी करत नसे.

*

त्यानंतर तीन आठवडे गेले. त्यांनी लिहून दिलेल्या कागदाने नंदनचं काम परत मिळालं नाही. उलट कोणीतरी म्हणालं की गुरू शिष्याला सांभाळून घेते आहे.

चौथ्या सोमवारी दुपारी फोन आला. बोलणाऱ्या मुलीने मारवाडी हेल असलेल्या हिंदीत आपलं नाव जसोदा सांगितलं. रूपासरची, सुगनीची नात. ती जोधपूरला एका वकिलाकडे काम करत होती. आवाजात घाई नव्हती. बऱ्याच कचेऱ्यांमध्ये हेच बोलून झालं असावं.

तिने सांगितलं ते असं. एका सौर कंपनीला रूपासरची जमीन दिली गेली होती. कागदांवर ओरण म्हणजे नुसती पडीक वाळू. नव्या नियमाप्रमाणे ती वाचवायला एकच वाट होती. दोन हजार सालापूर्वी तिथून गोळा केलेला दुर्मीळ वनस्पतीचा नमुना आणि यंत्राने पडताळलेलं त्याचं ठिकाण. तसा नमुना कोणत्याच संग्रहात नव्हता. आसपासच्या पन्नास किलोमीटरमध्ये फोगाची एकच जुनी नोंद निघाली, ती खारोड्याची. खारोड्याला फोग असणं शक्य नाही, तिथे मीठ पिकतं, असं दादी म्हणाली. मग तिने त्या पूनावाल्या बाईची गोष्ट सांगितली.

"दादीला माहीत होतं?" शरयूबाईंनी विचारलं.

"फांदी कापलेली दुसऱ्या दिवशीच दिसली, मॅडमजी. चाकूचा नाही, कात्रीचा काप. पंच बसले. ओरणात त्या दिवशी दादीच गेली होती. तिने तुमचं नाव घेतलं नाही. म्हणाली, मी घेऊन गेले होते, तर माझाच दोष. वर्षभर पहाटे ओट्यावर पक्ष्यांना दाणे टाकायची शिक्षा झाली. घरात खायला होतं-नव्हतं, तरी टाकले."



जसोदा पुढे म्हणाली, "मी महिन्यापूर्वी तुमच्या संस्थेला अर्ज केला होता की ती शीट यंत्रावर वाचा. उत्तर आलं, शीट सापडत नाही. उत्तर येईपर्यंत थांबा असं मी कंपनीला सांगत होते. सापडत नाही म्हटल्यावर त्यांनी गेल्या आठवड्यात पूर्वेच्या दोन टेकड्या सपाट केल्या. त्यावर चाळीस-एक झुडपं होती. सुनावणी बारा तारखेला आहे. तुम्ही फक्त एवढं सांगा, ती शीट खरंच हरवली आहे का?"

"नाही," शरयूबाई म्हणाल्या. "मला माहीत आहे कुठे आहे ती."

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी शीट नंदनच्या टेबलावर ठेवली. तो आधी लेबलाकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा इतका खुलला की शरयूबाईंना खाली बघावं लागलं.

"कुठे होती?"

"खिपात."

"खिपात! कोणी घातली?"

"मी."

तो हसला. "मॅडम, तुम्ही? जाऊ दे. माझाही असा एक दिवस येणार आहे."

"चुकून नाही, नंदन."

मग त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, ओरण, कात्री, वही, सर, चौघं. वाक्यं लहान ठेवली. कुठेही तेव्हा मी लहान होते असं म्हटलं नाही. ते वाक्य दोनदा ओठांवर आलं होतं.

नंदनने शेवटी विचारलं, "खारोड्याला एकही झुडूप नव्हतं?"

"नव्हतं."

"एकही?"

"मी तिथे फक्त चहा प्यायले होते."

तो उठला. शीट उचलून यंत्राच्या काचेखाली ठेवली, कोपरे सारखे केले. त्याचं काम दुसऱ्याकडे होतं, यंत्राला हात लावायची त्याला मुभा नव्हती, पण त्या वेळी कोणी त्याला अडवलं नसतं. लेसरचा बारीक आवाज सुरू झाला.

"ओवी जन्मली तेव्हा मी खारोड्याला होतो," तो पाठमोराच म्हणाला. "एक फूट खाली जुनी मुळं लागली होती. कसली होती कोण जाणे. मी घरी फोन करायच्या आधी तुम्हाला केला. आठवतं तुम्ही काय म्हणालात?"

शरयूबाईंना आठवत होतं.

"तुम्ही म्हणालात, अजून थोडं उत्तरेला बघ."

"हो. म्हणाले होते."

अकरा मिनिटं झाली. मग पडद्यावर नकाशा आला आणि त्यावर वर्तुळ उमटलं. तिन्ही धातूंची साक्ष जुळली होती. रूपासर वर्तुळाच्या जवळपास मध्यावर होतं आणि खारोडा दूर, पार बाहेर. खाली एक ओळ होती: वाऱ्याने आलेली वाळू, क्षार नगण्य. नंदनने ती ओळ बोटाने झाकली, पुन्हा उघडली.

"तुमचा जबाब लागेल," तो म्हणाला. "लेबल आणि यंत्र जुळत नसेल आणि गोळा करणारी व्यक्ती हयात असेल, तर लागतो. बसा, डॉ. दाबके. मी लिहून घेतो."

बावीस वर्षांत त्याने त्यांना मॅडम सोडून कधी काही म्हटलं नव्हतं.

*

सुनावणी जिल्ह्याच्या गावी होती, कूलर लावलेल्या एका लांबट खोलीत. कंपनीचा वकील तरुण आणि सभ्य होता. यंत्राच्या अहवालावर त्याने फारसा वेळ घालवला नाही. त्याने जबाबच उचलला. बाईंनी चव्वेचाळीस वर्षं एक खोटं ठिकाण चालू दिलं, त्यावर निबंध लिहिला, मान मिळवला, आणि गेल्या महिन्यात तीच शीट दडवली. मग आज त्या सांगतात ते खरं कशावरून?

शरयूबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "लाकडावर ठेवा. ते कुठे वाढलं हे यंत्राने सांगितलं आहे. ते कोणी तोडलं, एवढंच सांगायला मी आले आहे."

निकाल दुपारी लागला. ओरण आणि भोवतालचा एक किलोमीटर वगळला गेला. सपाट झालेल्या दोन टेकड्यांबद्दल त्यात काही नव्हतं.

बाहेर लिंबाखाली सुगनी बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली, पण नजर तीच. जसोदाने ओळख करून दिली. सुगनीने शरयूबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कात्री आणलीस का?" तिने विचारलं. जसोदा खुदकन हसली.

शरयूबाईंनी तिच्याजवळ बसून, जमेल तशा हिंदीत म्हटलं की ते वर्ष माझं होतं, मी अजून येऊन करीन, दाणे टाकीन. सुगनी ऐकत राहिली. मग तिने मान हलवली.

"ते वर्ष मी केलं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी मोर माझ्या पायापर्यंत यायला लागले होते. ते कशाला देऊ तुला? तुझं काय ते तू बघ."

तिने पदराच्या गाठीतून बडीशेप काढली, जसोदाला दिली, स्वतः घेतली, आणि थोडं थांबून उरलेली शरयूबाईंपुढे धरली.

*

नंदनचा फोन आला नाही. शरयूबाईंनी केला तेव्हा त्याच्या बायकोने घेतला. तो कामात आहे म्हणाली. आवाज नीट होता, थंडही नव्हता. ओवीने पूर्वीसारखा वाढदिवसाचा निरोप पाठवला नाही. निवृत्तीनंतरही दर मंगळवारी संस्थेत जायचा शिरस्ता शरयूबाईंनी आपणहून थांबवला. येत राहा असं कोणी म्हणालं नाही.

मार्चच्या शेवटी संग्रहाच्या नोंदींमध्ये एक नवी नोंद आली. त्या घरी बसून रोज नोंदी वाचत, सवयीने. फोग. ठिकाण: रूपासर ओरण, पश्चिमेची टेकडी. माती: वाळू. अवस्था: फुलोरा. दाखवणारी व्यक्ती: सुगनीबाई राईका. नोंद करणारा: नंदन खोत. नमुन्याच्या रकान्यात लिहिलं होतं, घेतला नाही. एकोणीस वर्षं तो जे शोधत होता ते नव्हे, पण फोगाचं जुनं, निबर, फुललेलं झुडूप त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल. तो त्याच्यासमोर कात्री न काढता उभा राहिला असेल. शरयूबाईंनी ती नोंद बंद केली आणि पुन्हा उघडून पाहिली.

आठवड्याभराने टपालाने लिफाफा आला. विद्यापीठाचा अर्ज होता, प्रबंध मागे घेण्याचा. नियमाप्रमाणे त्यावर मार्गदर्शकाची सही लागते. नंदनने सगळे रकाने आपल्या बारीक, सरळ अक्षरांत भरले होते. प्रबंधाचं नाव, वर्ष, पृष्ठसंख्या. खाली त्याची सही होती. फक्त कारण हा रकाना त्याने कोरा ठेवला होता. चिठ्ठी नव्हती.

शरयूबाईंनी शाईचं पेन शोधलं. कोरा कागद घेऊन आधी कच्चं लिहावं असं वाटलं, पण तसं केलं नाही. रकान्यात थेट लिहिलं:

'या प्रबंधाचा आधार असलेल्या नमुन्याचं ठिकाण आणि माती मी खोटी लिहिली होती. विद्यार्थ्याला याची कल्पना नव्हती.'

सही करून त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग पुन्हा काढलं. रकान्यात अजून दोन ओळींची जागा उरली होती.

'तो दर मार्चमध्ये तिथे झुडूप शोधायला जात असे. ते तिथे नाही, हे मला माहीत होतं.'